परिचारिकेची पदवी

ज्याला एखादें काम उत्तम येतें त्यानें तेंच काम शिकण्यासाठीं पुनः शाळेच्या बांकावर जाऊन बसावें काय, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. पट्टीच्या पोहणाऱ्यास कोणी जलशास्त्राची परीक्षा द्यावयास सांगत नाहीं. आणि बुडणारा मनुष्य तर दाखला पाहून हांक मारीत नाहींच. तथापि रुग्णालयांत दहा-पंधरा वर्षें काढलेल्या परिचारिकेपुढें हा प्रश्न आज खरोखर उभा आहे. बारावीनंतर सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या यांचा पदविकाक्रम, ज्यास सर्वत्र 'जी. एन. एम.' म्हणतात, तो पुरा करून ती नोकरीस लागलेली असते. हजारों रोगी तिच्या हाताखालून गेलेले असतात. नवे आलेले डॉक्टर शीर सांपडेना म्हणजे तिच्याच तोंडाकडे पाहतात. पुढें संसार मांडून झाल्यावर, मुलें शाळेंत जाऊं लागल्यावर, तिला कळतें कीं आणखी दोन वर्षांचा 'पोस्ट बेसिक' क्रम पुरा केला तर बी. एस्‌सी. ही पदवी मिळेल; आणि ती नसेल तर शिक्षिकेची जागा, कित्येक ठिकाणीं वरची जागा, व परदेशची नोकरी यांचीं दारें अर्धवटच उघडीं राहतील. मग रात्रपाळीवरून परततांना ती त्या अर्जाचा कागद पिशवींतून काढते, वाचते, आणि पुनः घडी करून ठेवते.

तिनें तो अर्ज भरावा कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नाहीं. परंतु समाज तिच्याजवळ ही मागणी करतो ती न्याय्य आहे काय, आणि तिच्या मोबदल्यांत ज्ञान म्हणून तो तिच्या पदरांत नक्की काय घालतो, हें तपासणें मात्र सर्वांचेंच काम आहे. कारण आज ना उद्यां त्या खाटेवर आपणच निजणार आहों. या बाबतींत दोन ठरीव उत्तरें ऐकूं येतात. व्यवहारी लोक म्हणतात, पदवी ती पगारासाठीं. पदवीदान-समारंभांतले वक्ते म्हणतात, पदवी ती ज्ञानासाठीं. पगारासाठीं शिकण्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं. पण तेवढ्यानें पगार त्या कागदाला कां जोडला गेला याचें उत्तर मिळत नाहीं. आणि दुसऱ्या उत्तरांत एक अनुच्चारित अपमान आहे. ज्या बाईनें पंधरा वर्षें मरणाच्या दारांतून माणसें परत आणलीं तिला आतां ज्ञान होणार, म्हणजे आजवर ती काय करीत होती?

आपल्या परंपरेंत या प्रश्नाचें मूळ फार खोल गेलेलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकीं प्रत्येकाचे चार चार गुणहि मोजून दिले आहेत. वैद्याच्या ठिकाणीं शास्त्राचें निर्मळ ज्ञान, म्हणजे श्रुत, हा पहिला गुण. प्रत्यक्ष कर्म अनेकदां पाहिलेलें असणें, म्हणजे दृष्टकर्मता, हा दुसरा. मग दक्षता आणि शुचिता. परिचारकाच्या ठिकाणीं उपचारांची जाण, दक्षता, ज्याची सेवा करावयाची त्याजविषयीं अनुराग, आणि शुचिता. या दोन याद्या शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. दक्षता आणि शुचिता हे गुण दोघांनाहि समान आहेत. अनुराग मागितला आहे तो एकट्या परिचारकाकडे. (वैद्यानें आर्तांविषयीं करुणा बाळगावी असें त्याच अध्यायांत पुढें सांगितलें आहे खरें, परंतु चार गुणांच्या गणनेंत ती नाहीं.) आणि श्रुत मागितलें आहे तें एकट्या वैद्याकडे. खोकल्याच्या रोग्याला कसें टेकवून बसवावें, पेज किती पातळ असावी, हें परिचारकास येत असलें म्हणजे झालें. तें कां, हें त्यानें जाणलेंच पाहिजे असें नाहीं. सुमारें दोन हजार वर्षें कामाची ही वांटणी कोणास खटकली नाहीं. आजच्या परिचारिकेची पदवी म्हणजे या जुन्या यादींत केलेली दुरुस्ती होय: परिचारकाच्या चार गुणांच्या जोडीला पांचवें श्रुत.

ग्रीकांकडेहि हीच वांटणी होती, आणि तिच्यांत अधिक तिखटपणा होता. अरिस्टॉटलनें आपल्या 'मेटॅफिजिक्स' या ग्रंथाच्या आरंभींच असें कबूल केलें आहे कीं, अनुभवावांचून केवळ सिद्धान्त जाणणाऱ्यापेक्षां अनुभवी मनुष्य रोग बरा करण्यांत अधिक यशस्वी होतो. पण लगेच पुढें तो म्हणतो कीं, शहाणा म्हणावयाचें तें कारण जाणणाऱ्यालाच. केवळ हातानें काम करणारे लोक अग्नि जसा जाळतो तसे, न जाणतां करतात. अरिस्टॉटलचा बाप राजवैद्य होता. घरांत वैद्यकी असलेल्या माणसानें सेवा करणाऱ्या हातांना अग्नीच्या जड पंक्तीस बसवावें याचें नवल वाटतें. पण कदाचित् घरांत वैद्यकी होती म्हणूनच तसें झालें असेल.

तेव्हां प्रश्न असा: दृष्टकर्मता भरपूर असलेल्या माणसास श्रुत काय देतें? हाताचें कौशल्य तें फारसें वाढवीत नाहीं, असें आम्हांस वाटतें. सुई टोचणें, जखम बांधणें, वेदनेनें तळमळणाऱ्या माणसाची कूस न दुखवितां पालटणें, हें दोन वर्षांच्या वर्गांत बसून अधिक चांगलें येऊं लागतें असें कोणी प्रामाणिकपणें म्हणूं शकणार नाहीं. उलट त्या दोन वर्षांत हात थोडा बसण्याचीच भीति. श्रुत जें देतें तें वेगळेंच आहे, आणि तें एका साध्या उदाहरणानें समजेल.

दीर्घकाळ अंथरुणास खिळलेल्या रोग्याच्या माकडहाडावर, खुब्यांवर, टाचांवर व्रण पडतात. वॉर्डांत त्यांस बेडसोर म्हणतात. ते पडूं नयेत म्हणून लाल झालेल्या जागीं स्पिरिट लावून, वर पावडर टाकून, चांगलें चोळावें, असें परिचारिकांच्या पिढ्यानुपिढ्या शिकत व शिकवीत आल्या. या चोळण्यांत केवढा अनुराग आणि केवढी दक्षता ओतली गेली असेल याची गणती नाहीं. आज जाणकारांचें मत असें आहे कीं, हाडावरच्या लाल झालेल्या कातडीला चोळूं नये. आंतील नाजूक पेशीजाल दाबानें आधींच घायाळ झालेलें असतें, आणि चोळण्यानें त्याची हानि वाढण्याचा संभव असतो. रोग्याची कूस वेळच्या वेळीं पालटणें, दाब हटविणें, कातडी कोरडी व स्वच्छ ठेवणें, पोटांत अन्न जाईल असें पाहणें, हा खरा उपाय. आतां विचार करावा: पंधरा वर्षें चोळणाऱ्या बाईस तिच्या अनुभवानें हें कधीं सांगितलें असतें काय? तिनें ज्यांना चोळलें त्यांपैकीं कांहींना व्रण झाले, कांहींना झाले नाहींत. झाले नाहींत तेथें तिनें श्रेय चोळण्याला दिलें. झाले तेथें रोगी फार खंगलेला होता असें म्हटलें. न चोळलेला रोगी तिच्या वॉर्डांत नव्हताच. अनुभव जें घडलें तें दाखवितो. जें केलें नसतें तर काय घडतें, तें दाखवूं शकत नाहीं. तें पाहण्यास स्वतःच्या वॉर्डाबाहेर, स्वतःच्या हयातीबाहेर, अनेकांनीं ठेवलेल्या नोंदींकडे जावें लागतें. श्रुत म्हणजे याहून दुसरें काय आहे? दुसऱ्यांच्या डोळ्यांनीं पाहिलेलें, कानांवाटे आपल्यापर्यंत आलेलें.

येथें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची आठवण होणें अपरिहार्य आहे, आणि ती दिवा हातीं धरलेल्या चित्रापुरती न राहावी. क्रिमियाच्या युद्धांत शिपाई गोळ्यांपेक्षां रोगराईनें अधिक मेले, हें त्यांनीं आंकडे मांडून व आकृति काढून दाखविलें. १८५८ सालीं लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री. १८६० सालीं सेंट टॉमस रुग्णालयांत त्यांच्या नांवाची परिचर्याशाळा निघाली. म्हणजे श्रुताचें महत्त्व त्यांना कोणी शिकवावयास नको होतें. आणि तरीहि, १८८७ मध्यें ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन होऊन परीक्षा घेऊन परिचारिकांची राष्ट्रीय नोंदवही ठेवावी अशी चळवळ सुरू झाली तेव्हां नाइटिंगेलबाईंनीं तिला कसून विरोध केला. परीक्षा स्मरणशक्तीची होते, शीलाची होत नाहीं. आणि परिचारिका चांगली कीं वाईट हें शीलावर ठरतें, असा त्यांचा मुद्दा होता. त्या १९१० सालीं वारल्या. न्यूझीलंडनें नोंदणीचा कायदा १९०१ मध्येंच केला होता. इंग्लंडांत तो १९१९ त झाला. चळवळ्यांचा जय झाला, यांत शंका नाहीं, आणि तो होणें योग्यहि होतें. कारण नोंदवही नसती तर वाटेल त्यानें स्वतःस परिचारिका म्हणवून घेतलें असतें. परंतु बाईंचा आक्षेप त्या जयानें खोडला गेला असें म्हणतां येणार नाहीं. अनुरागाची उत्तरपत्रिका तपासण्याची युक्ति अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.

श्रुताची दुसरी देणगी पहिलीपेक्षांहि महत्त्वाची आहे असें आम्ही समजतों. रात्रीचे दोन वाजले आहेत. पोटाची शस्त्रक्रिया झालेला रोगी, दुसरी रात्र. परिचारिका फेरी करीत येते आणि खाटेपाशीं थबकते. रोगी उगाच कुशी बदलतो आहे. बोलतो तें थोडें असंबद्ध आहे. हात हातांत घेतला तर गार लागतो. ती डॉक्टरांना फोन करते. "सर, सात नंबरचा पेशंट बरा दिसत नाहीं." पलीकडून झोपाळू आवाजांत प्रश्न येतो, "बी. पी. किती?" "एकशें दहा, ऐंशीं." "मग ठीक आहे, सिस्टर. सकाळीं पाहूं." फोन बंद होतो. तिला पक्कें ठाऊक आहे कीं हें ठीक नाहीं. पण तें तिला हातांनीं ठाऊक आहे, तोंडानें नाहीं.

शरीरशास्त्र ज्यानें कारणांसह वाचलें आहे त्याला या एकशें दहा-ऐंशींचा अर्थ वेगळा लागतो. आंत रक्तस्राव होऊं लागला किंवा अंगांतले पाणी कमी पडलें म्हणजे शरीर रक्तवाहिन्या आंवळून आणि हृदय जलद चालवून दाब टिकवून धरतें. म्हणून हात गार पडतात, वरचा व खालचा आंकडा एकमेकांजवळ येतात, श्वास वाढतो, लघवी कमी होते. दाब कोसळतो तो शेवटीं, सगळे उपाय थकल्यावर. हें ज्या परिचारिकेच्या जिभेवर आहे ती पुनः फोन लावते: "सर, दाब टिकून आहे, पण नाडी एकशें वीस झाली, श्वास अठरावरून सव्वीसवर गेला, चार तासांत लघवी अवघी साठ मिलिलिटर, हातपाय गार आहेत, आणि तो बरळतो आहे. शॉकची सुरुवात असावी. आपण येऊन पाहावें." या बोलण्यावर "सकाळीं पाहूं" म्हणणें कोणासहि कठीण जातें, आणि म्हटलेंच तर तें म्हटल्याची जबाबदारी म्हणणाऱ्यावर येते. दोन्ही वेळां बाई तीच, रोगी तोच, तिनें पाहिलेलें तेंच. फरक एवढाच कीं पहिल्या वेळीं तिच्याजवळ खात्री होती, दुसऱ्या वेळीं कारण आहे. आणि खात्री दुसऱ्याच्या हातांत देतां येत नाहीं, कारण देतां येतें. ज्याला कारण देतां येतें त्याला नकार देतां येतो, हट्ट धरतां येतो, चुकीच्या मात्रेचें औषध देण्यापूर्वीं थांबतां येतें. हें नीतीचें सामर्थ्य आहे, आणि तें शास्त्रानें मिळतें. अनुराग एकटा असला तर पुष्कळदां नुसता रडतो.

यावर एक सडेतोड आक्षेप आहे. त्या रात्रीं डॉक्टरांनीं बाईचें ऐकलें नाहीं तें तिला कारण सांगतां आलें नाहीं म्हणून, कीं ती केवळ सिस्टर होती म्हणून? तेंच अर्धवट वाक्य एखाद्या वरिष्ठ डॉक्टरानें उच्चारलें असतें तर पलीकडचा मनुष्य चपला घालून निघाला असता. असें असेल तर पदवीनें बाईस मिळतें तें ज्ञान नव्हे, दर्जा. आणि आपण तिला दोन वर्षें शिकावयास लावतों तीं आपल्या बहिरेपणाची फी म्हणून. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा भाग मोठा कडू आहे. जिनें पदवी घेतली नाहीं तिचें म्हणणें, तिला कारणें सांगतां येवोत वा न येवोत, ऐकून घेणें हें ऐकणाऱ्याचें कर्तव्यच आहे. शेवटीं तिची नजर हाच पहिला पुरावा असतो. परंतु ऐकणारा सुधारेपर्यंत बोलणाराला निःशस्त्र ठेवावें, हा न्याय त्या सात नंबरच्या रोग्यास परवडणारा नाहीं.

या वादाचा सर्वांत मोठा आखाडा अमेरिका झाला आहे, आणि तेथें आंकडेहि मिळतात. २००३ सालीं लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पेन्सिल्व्हेनिया संस्थानांतील १६८ रुग्णालयें व शस्त्रक्रियेचे २,३२,००० हून अधिक रोगी यांच्या नोंदी तपासून असें प्रसिद्ध केलें कीं, पदवीधर परिचारिकांचें प्रमाण शेंकडा १० नीं अधिक असेल तेथें तीस दिवसांत मृत्यु येण्याचा संभव शेंकडा ५ नीं कमी आढळतो. २०१४ सालीं युरोपांतील नऊ देशांतील ४,२२,००० हून अधिक रोग्यांच्या पाहणींत हाच फरक शेंकडा ७ दिसला. पहिल्या पाहणींत आणखी एक गोष्ट होती, जी अनुभवी परिचारिकांना लागल्यावांचून राहत नाहीं: अनुभवाच्या वर्षांचा असा वेगळा परिणाम तींत दिसून आला नाहीं. आतां हे आंकडे संबंध दाखवितात, कार्यकारणभाव सिद्ध करीत नाहींत; जें रुग्णालय पदवीधर परिचारिका जमवितें तें इतर बाबतींतहि संपन्न असण्याचा संभव आहे, आणि संशोधकांनीं तो हिशेब जमेस धरला असला तरी असा हिशेब कधींच पुरता होत नाहीं. शिवाय रुग्णालयाच्या सरासरीवरून अमुक एका बाईच्या वीस वर्षांची किंमत काढतां येत नाहीं. पण या आंकड्यांकडे डोळेझांक करणें हें बेडसोर चोळीत राहण्यासारखेंच होईल.

युरोपच्या त्याच पाहणींत दुसराहि एक आंकडा आहे, आणि व्यवस्थापकांच्या सभांतून तो कचितच ऐकूं येतो. प्रत्येक परिचारिकेवर एकेक रोगी अधिक टाकला कीं मृत्यूचा संभव शेंकडा ७ नीं वाढतो. म्हणजे परिचारिकेस पदवीधर करणें आणि परिचारिकांची संख्या वाढविणें या दोन गोष्टी सारख्याच मोलाच्या ठरल्या. परंतु पहिलीचा खर्च बाईच्या अंगावर टाकतां येतो, दुसरीचा मालकाला करावा लागतो. पहिलीचा गाजावाजा अधिक कां होतो हें समजण्यास यापरतें शहाणपण लागत नाहीं.

अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें २०१० सालीं अशी अपेक्षा मांडली कीं २०२० पर्यंत तेथील शेंकडा ८० परिचारिका पदवीधर असाव्या. उत्तर डाकोटा संस्थानानें तर १९८७ पासूनच पदवी सक्तीची केली होती. २००३ मध्यें ती सक्ति मागें घेतली गेली. न्यूयॉर्क संस्थानानें २०१७ च्या डिसेंबरांत कायदा केला तो अधिक समंजस आहे. नव्यानें परवाना घेणाऱ्या परिचारिकेनें दहा वर्षांच्या आंत पदवी मिळवावी. मात्र आधींच कामावर असलेल्या, किंवा शिक्षणक्रमांत दाखल झालेल्या परिचारिकांस ही अट लागू नाहीं. कामास सुरुवात आधीं, श्रुत मागाहून, आणि मध्यें दहा वर्षांचा अवधि: या रचनेंत दृष्टकर्मतेला पहिलें स्थान दिलें आहे, ही गोष्ट आम्हांस फार आवडते. जिनें वॉर्ड पाहिला आहे तिलाच 'कां' हा प्रश्न पडतो. सतरा वर्षांच्या मुलीला तो परीक्षेंतच पडतो. जुन्यांना जी सूट दिली तिचा अर्थ मात्र दुहेरी आहे. तुमचें ज्ञान पुरेसें आहे, असाहि तो लावतां येतो. आणि तुम्हीं निवृत्त व्हाल तेव्हां हा प्रश्न आपोआप मिटेल, असाहि लावतां येतो.

आमच्याकडे पदवीची वाट जुनी आहे. १९४६ सालीं दिल्ली आणि वेलोर येथें परिचर्येचे पदवीक्रम सुरू झाले. त्याच वर्षीं भोर समितीचा अहवाल आला, आणि त्यांत ४३,००० लोकांमागें एक परिचारिका असा तत्कालीन हिशेब होता. त्या दुष्काळांत पदवीधर परिचारिका निघाल्या त्या शिक्षिका व अधिकारी होण्यासाठींच, हें ओघानेंच आलें. तो दुष्काळ पुष्कळ ओसरला, पण संवय राहिली. आजहि पदवी घेतलेल्या परिचारिकेची बढती होते ती रोग्यापासून दूर: आधीं शाळेंत, मग कचेरींत, मग फायलींत. या व्यवसायाची शिडी अशी विचित्र बांधली आहे कीं प्रत्येक पायरी चढतांना खाट एक हात लांब जाते. म्हणून "शिकली कीं वॉर्ड सोडते" ही जी तक्रार मेट्रनबाई करतात ती खोटी नाहीं. पण दोष शिडीचा आहे. जिला त्या रात्रीं कारण सांगतां आलें असतें तीच बाई, पदवी घेतल्यावर, रात्रीं वॉर्डांत नसते! असें असेल तर पदवीच्या नांवानें वाचलेले प्राण कोणत्या खात्यांत मांडावयाचे? पदवीधर परिचारिकेस खाटेपाशींच राहून मान व वेतन वाढत जाईल अशी पायरी जोंवर तयार होत नाहीं, तोंवर श्रुताचा मोठा भाग ज्याच्यासाठीं तें मिळविलें त्या रोग्यापर्यंत पोंचणारच नाहीं.

आणि किंमत? 'पोस्ट बेसिक' हा पूर्णवेळ क्रम आहे. सरकारी सेवेंतील कांहींजणींना अभ्यासासाठीं रजा मिळते; खासगी रुग्णालयांतील बहुतेकींना नोकरी तरी सोडावी लागते किंवा विचार तरी. नोकरींतल्या परिचारिकांसाठीं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठानें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तीन वर्षांचा क्रम काढला, त्याचा लाभ अनेकींनीं घेतला. परंतु वेळ ही वस्तु विद्यापीठ देऊं शकत नाहीं. महाराष्ट्रांत थोर वयांत शिकणाऱ्या बाईची कथा नवी नाहीं. रमाबाई रानडे यांनीं आपल्या आठवणींत, घरांतील बायकांचीं बोलणीं सोसून आपण कसें शिकलों, हें लिहून ठेवलें आहे. आणि त्यांच्याच पुढाकारानें पुण्याच्या सेवासदनानें विधवांना परिचारिकेच्या शिक्षणासाठीं पाठविलें, तेव्हां तें काम हलकें समजणाऱ्या समाजाचा रोष पत्करून पाठविलें. आज बोलणीं बसत नाहींत. आज कौतुक होतें. सासूबाई शेजारणीस सांगतात कीं आमची सून या वयांत शिकते आहे. नवरा मित्रांस सांगतो. मुलें निबंध लिहितात. आणि संध्याकाळीं कणीक तिनेंच मळावयाची असते. छळाच्या जागीं कौतुक आलें ही सुधारणा खरीच. परंतु कौतुक फुकट असतें आणि पोळ्यांना वेळ लागतो.

आम्हांस न्यायाचा प्रश्न येथें दिसतो. परिचारिकेच्या शिक्षणानें रोग्याचे प्राण वांचत असतील, तर तें शिक्षण तिची खासगी महत्त्वाकांक्षा राहत नाहीं. तें रुग्णालयाच्या शुद्ध पाण्यासारखें, सार्वजनिक गरजेचें होतें. शुद्ध पाण्याचा खर्च आपण भिश्त्याच्या पगारांतून कापीत नाहीं. मग हिच्या रात्री आपण कोणत्या हक्कानें घेतों? रजा, पगार, पाळ्यांची अदलाबदल, परीक्षेच्या आठवड्यांत रात्रपाळी न लावणें, या गोष्टी उपकार म्हणून मागाव्या लागतात यांतच सगळा घोटाळा आहे. आणि ज्या परिचारिकेस हें सारें मिळूनहि शिकावयाचें नाहीं, जी म्हणते कीं मला खाटेपाशींच राहूं द्या, तिच्यापुढें मान लववावी. पॅट्रिशिया बेनर यांनीं १९८४ सालीं जो ग्रंथ लिहिला त्यांत निष्णात परिचारिकांनीं स्वतः सांगितलेले प्रसंग मांडून, हातांतलें ज्ञान कसें वाढतें याच्या पायऱ्या दाखविल्या. म्हणजे विद्यापीठ खाटेपाशीं जाऊन शिकलें. आमच्या वॉर्डांतून असे प्रसंग मराठींत कोणी टिपून ठेवील तर तो एक अपूर्व ग्रंथ होईल.

मराठींत म्हणण्याचें कारण आहे. हें सारें श्रुत इंग्रजींत आहे. वर्ग इंग्रजींत, ग्रंथ इंग्रजींत, उत्तरें इंग्रजींत. आणि पंधरा वर्षें जी बाई रोग्यांचें कण्हणें ऐकत आली तें मराठींत, कोंकणींत, वऱ्हाडींत. वेदना मोजण्यासाठीं मॅगिल विद्यापीठाच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनीं १९७५ सालीं एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तींत वेदनेचीं ७८ विशेषणें गोळा केलीं आहेत, आणि तिचा मोठा गौरव झाला. ठणका, कळ, चमक, सणक, सल, तिडीक, उसण, मुरडा, रग हे शब्द त्या परिचारिकेस कोणी शिकविले नाहींत. ठणका लागला म्हणजे आंत पू धरत असावा, कळ येऊन जाते म्हणजे आंतडें किंवा गर्भाशय आंवळत असावें, हें ती शब्दावरूनच ताडते. खेड्यांतून आलेली म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणते, "बाई, जीव घाबरा होतोय." तिला भीति वाटत नसते, तिला कोणाचें भय उरलेलें नसतें. त्या वाक्याचें कोशांतून इंग्रजी केलें तर तें मनाच्या अस्वस्थतेच्या रकान्यांत जाऊन पडेल आणि तिला झोपेची गोळी मिळेल. ज्या परिचारिकेनें तें वाक्य शंभर वेळां ऐकलें आहे ती आधीं हृदयाचा आलेख काढावयास लावील. पुस्तकांत तिनें आतां वाचलेलें असतें कीं म्हाताऱ्या बायकांत हृदयविकाराचा झटका छातींत कळ न येतां, केवळ अशा घाबरेपणानें, घामानें, श्वास लागून येऊं शकतो. नोंदवहींत मात्र इंग्रजीच लिहावयाचें असतें. आणि म्हातारीच्या त्या तीन शब्दांसाठीं तेथें काय लिहावें, हें पहाटे चार वाजतां तिला एकटीलाच ठरवावें लागतें.